अपेक्षा : अनुरूप

माझी मावशी गेली बारा वर्षं एकच बायोडेटा लिहिते आहे. माझ्या मावसभावाचा. त्यातली रास बदलली नाही, गोत्र बदललं नाही, आणि उंची पहिल्याच वर्षी दोन इंच वाढवून लिहिल्यामुळे पुढे तिला हात लावावा लागला नाही. बदलत गेला तो फक्त शेवटचा रकाना. 'अपेक्षा'. २०१३ साली तिथे साडेतीन ओळी होत्या. उच्चशिक्षित, गोरी, सडपातळ, नोकरी करणारी पण घराकडे लक्ष असणारी, शक्यतो पुण्यातलीच, आणि पुण्यातही शक्यतो नदीच्या अलीकडची. दोन वर्षांत नदी ओलांडून झाली. मग पुण्याचं 'पुणे-मुंबई' झालं, त्याचं 'महाराष्ट्र' झालं. 'गोरी' गेलं, 'सडपातळ' गेलं, एका पावसाळ्यात 'शक्यतो'सुद्धा वाहून गेलं. २०२५ च्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा मावशीनं नवी प्रत दाखवली. शेवटच्या रकान्यात एकच शब्द उरला होता : अनुरूप.

मी हसलो. हसायला नको होतं, कारण बायको शेजारीच बसली होती आणि माझी कागदपत्रं तिच्या ताब्यात आहेत.

कागदपत्रं म्हणजे कालनिर्णयची पानं. दर ऑगस्टात इंग्लंडातला फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मी दुधाच्या हिशोबाशेजारी त्या वर्षीच्या अपेक्षा लिहून ठेवतो. मँचेस्टर युनायटेडकडून. दूधवाल्याशी पुढेमागे वाद नको म्हणून बायको ती पानं जपून ठेवते, त्यामुळे माझ्या अपेक्षाही पुराव्यासकट जपल्या गेल्या आहेत. "मावशी, यांचा रकाना बघायचाय?" एवढंच ती म्हणाली, आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागली.

हे दुखणं मला जडलं २६ मे १९९९ च्या रात्री, आणि त्याला जबाबदार आहेत सौरव गांगुली आणि राहुल द्रविड. त्या दिवशी टाँटनला दोघांनी श्रीलंकेला धू धू धुतलं. गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची भागी ३१८ धावांची. दहावीची परीक्षा होऊन गेलेली, निकाल लागायचा होता. असल्या आनंदात झोप कुणाला येणार? मध्यरात्रीनंतर केबलवाल्याच्या कृपेनं चॅनेल फिरवता फिरवता बार्सिलोनातलं एक मैदान दिसलं. लाल कपड्यातला एक संघ बायर्न म्युनिककडून एका गोलनं हरत होता. नव्वद मिनिटं भरली. वडिलांनी आतून विचारलं, "अजून जागाच आहेस का?" मी "बंद करतोय" म्हटलं, तोवर शेरिंगहॅमनं गोल केला. खरोखर बंद करायला उठलो तर सोल्शारनं दुसरा केला.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होतो ते मानसशास्त्रवाल्यांनी सांगावं. माझा असा पक्का समज झाला की सामना मुळात शेवटच्या तीन मिनिटांतच जिंकायचा असतो, आधीचं सगळं नुसतं वातावरण. पुढच्या महिन्यात दहावीचा निकाल आला तेव्हा गणिताच्या मार्कांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. स्टॉपेज टाइम दिला नाही.

त्यानंतरची पंधरा-एक पानं वाचवत नाहीत, इतकी ती माजलेली आहेत. 'लीग. शिवाय युरोप. शिवाय आर्सेनलवाल्या मित्राचं तोंड उतरलेलं दिसणे.' मँचेस्टर सिटीचा कुठेच उल्लेख नाही. कसा असेल? आम्ही बार्सिलोनात युरोप जिंकत होतो त्याच आठवड्यात सिटीवाले इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढायला धडपडत होते. शेजारच्या बिऱ्हाडाकडे कधीमधी डबा पाठवावा, तसा आम्हाला त्यांच्याविषयी जिव्हाळा होता. बाकी सगळं प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन बघत. च्युइंगगम चघळत, घड्याळाकडे बघत, रेफ्रीला घाबरवत. सरकारी नोकराला वार्षिक वेतनवाढ मिळते तशी आम्हाला ट्रॉफी मिळे. एखाद्या वर्षी चुकली तर आम्ही 'थकबाकी' म्हणायचो, आणि पुढच्या वर्षी ती वसूल व्हायची. तेरा वेळा प्रीमिअर लीग. माणूस बिघडायला एवढं पुरे.

मे २०१३ मध्ये सर निवृत्त झाले. त्याच महिन्यात आमच्याकडे मुलगा झाला. पायगुणाचा विषय घरात काढायचा नाही, असा तेव्हापासून ठराव आहे. पण मुलगा बाराव्या वर्षात होता तेव्हा एकदा त्यानंच विचारलं, "बाबा, युनायटेड पूर्वी खरंच चांगली होती का?" आमचे वडील ध्यानचंदांबद्दल सांगायचे आणि आम्ही जांभई देत ऐकायचो, तसा तो माझं ऐकत होता. त्यानं आयुष्यात युनायटेडला लीग जिंकताना पाहिलेलं नाही. त्याच्या वर्गात निम्मी मुलं सिटीचा फिकट निळा शर्ट घालून येतात. डबा आता त्या बिऱ्हाडातून आमच्याकडे येतो.

२०१३ चं पान : 'लीग. (मोयसना थोडा वेळ देणे.)' कंसातलं वाक्य मोठ्या मनाचं होतं. सहा वर्षांचा करार करून आणलेले नवे प्रशिक्षक डेव्हिड मोयस दहा महिन्यांत गेले आणि आम्ही सातवे आलो. सातवे! त्या रात्री मी जेवलो नाही. आज सातव्या नंबरावर आलो तर सोसायटीत पेढे वाटीन, पण तेव्हा वय लहान होतं.

२०१४ च्या पानावर 'लीग' खोडून 'पहिले चार' केलंय. 'पहिला आलाच पाहिजे' म्हणणारा बाप चाचणी परीक्षेनंतर 'पहिल्या दहात ये, बस' म्हणू लागतो, तसा हा प्रकार. यात मानहानी नाही, असं आम्ही एकमेकांना समजावलं. पहिल्या चारांना चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळतं, तिकीट मिळालं की पैसा येतो, पैसा आला की खेळाडू येतात. ही साखळी मी बायकोला इतक्या वेळा समजावली आहे की ती आता झोपेतही म्हणून दाखवेल.

खेळाडू आले, त्याबद्दल तक्रार नाही. पॉल पोग्बाचंच घ्या. आमच्याच तालमीत वाढलेलं पोर २०१२ मध्ये आम्ही जवळजवळ फुकटात जाऊ दिलं, आणि चार वर्षांनी ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणलं. तेव्हाचा जागतिक विक्रम होता तो. आजीची पितळी समई भंगारवाल्याला द्यायची, मग जुन्या बाजारात तीच दिसल्यावर 'अँटिक आहे' म्हणून सोन्याच्या भावानं उचलायची, असं झालं. २०२२ मध्ये करार संपला आणि समई पुन्हा फुकटात गेली. मधल्या काळात वात कधी लागली, कधी नाही.

पुढचे एक प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांची मात्र मी इथे जाहीर माफी मागतो. २०१७-१८ ला त्यांनी संघाला दुसऱ्या नंबरावर आणलं आणि पुढे सांगितलं की माझ्या कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांत ही एक. आम्ही खो खो हसलो होतो. दुसरा नंबर ही काय कामगिरी? आता कळतं की तो माणूस रुग्णाला आतून तपासून आला होता. बाहेर येऊन नातेवाइकांना 'जगलाय हे बघा' म्हणत होता, आणि आम्ही विचारत होतो की मॅरेथॉन कधी पळेल.

मधली पानं भराभर उलटतो. कोणी आलं, कोणी गेलं, सोल्शार स्वतः प्रशिक्षक म्हणून येऊन गेला, आणि १९९९ मधल्या त्या रात्रीवरसुद्धा टीका करायची वेळ आली. या काळात आमच्या भाषेत तीन शब्द शिरले : प्रोजेक्ट, प्रोसेस आणि ट्रान्झिशन. पुण्यात ज्यानं बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलाय त्याला यांचा अर्थ सांगावा लागत नाही. पझेशन पुढच्या पाडव्याला. प्रत्येक नवा प्रशिक्षक पाया पुन्हा खणायला घेतो, कारण आधीच्यानं खणलेला पाया त्याच्या नकाशात बसत नाही. आणि शंका काढलीच, तर वर्षानुवर्षं एकच उत्तर : फर्ग्युसनलाही पहिली लीग जिंकायला साडेसहा वर्षं लागली होती. खरं आहे, १९८६ च्या नोव्हेंबरात आले आणि १९९३ मध्ये जिंकले. पण या हिशोबानं बारा वर्षांत दोन फर्ग्युसन व्हायला हवे होते. आम्ही सगळ्यांना मिळून साडेसहाच्या जवळजवळ दुप्पट वर्षं दिली, फक्त एकाला दिली नाहीत.

५ मार्च २०२३. अॅनफिल्ड, लिव्हरपूल ७, आम्ही ०. पाचव्या गोलनंतर मुलाला झोपायला पाठवलं. सहाव्यानंतर बायकोनं न विचारता चहा केला. त्या ऑगस्टच्या पानावर अक्षर जरा कापरं आहे : 'लिव्हरपूलकडून सातपेक्षा कमी.' वाचकहो, ही अपेक्षा पूर्ण झाली. गेल्या दहा वर्षांत शंभर टक्के पूर्ण झालेली ही एकमेव अपेक्षा.

त्या हंगामात आठवे आलो, पण एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटीला २-१ नं हरवलं. बाराही महिने नापास होणाऱ्या मुलानं स्नेहसंमेलनात गाणं म्हणावं आणि सगळ्या हॉलनं रडावं, तसं आमचं झालं. क्लबलाही झालं असावं, कारण त्यांनी प्रशिक्षक एरिक टेन हागना ठेवून घेतलं आणि ऑक्टोबरात काढलं.

मग आलं २०२४-२५. वीस संघांत पंधरावे. बेचाळीस गुण. खालचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, हा नियम मला पंचवीस वर्षं माहीत होता, पण उंट हे वाळवंटातलं जहाज असतं हे माहीत असावं तसा. त्या जानेवारीत मी पहिल्यांदा गुणतक्ता खालून वाचला. तेव्हाचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांनी तर स्वतःच बोलून दाखवलं की क्लबच्या इतिहासातला कदाचित हा सर्वांत वाईट संघ असेल. असा प्रांजळ माणूस मी पाहिला नाही. आपल्याकडे पूल पडला तरी ठेकेदार 'वाऱ्यामुळे' म्हणतो.

आणि याच वर्षी त्यांनी मला एप्रिलात रात्री साडेतीनपर्यंत जागवलं. युरोपा लीग, समोर ल्योंचा संघ. जादा वेळेत २-४ नं मागे पडलो. मी टीव्हीचा आवाज बंद करून, तोंड धुऊन आलो. तेवढ्या वेळात... जाऊ द्या. एकशे चौदाव्या मिनिटापासून सात मिनिटांत तीन गोल. शेवटचा हॅरी मॅग्वायरच्या डोक्यानं, १२१ व्या मिनिटाला. ५-४. मी गॅलरीत जाऊन अंधाराला मूठ दाखवली. खालच्या वॉचमननं बॅटरी मारून विचारलं, "काय झालं साहेब?" काय सांगणार? पुढे उपांत्य फेरी पार करून पंधरावा आलेला हा संघ सतराव्या नंबरावरच्या टॉटनहॅमशी बिल्बाओला अंतिम सामना खेळला. नापासांच्या तुकडीचं वक्तृत्व, आणि त्यातही आम्ही ०-१ हरलो.

माझे कोल्हापूरचे मामा हे सगळं ऐकून घेतात आणि मग मोबाइल खाली ठेवून बोलतात. ते शिवाजी पेठेतले. त्यांच्या घरी फुटबॉल हा खेळ नाही, पत्ता आहे. पेठ सांगितली की तालीम कळते, तालीम कळली की शाहू स्टेडियममध्ये माणूस कुठे बसणार आणि कुणाला शिव्या देणार ते कळतं. वर्ल्डकपला गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण ते पाहुण्यांसाठीचं ताट. खरी पंगत पेठेची.

"भाचेबुवा," मामा म्हणाले, "आमच्या पोरानं पेनल्टी वर मारली की सांजच्याला त्याला चहाच्या गाडीवर गाठतो आन् इचारतो, का रं, डोळं फुटलं हुतं व्हय? त्यो खाली मान घालतो. त्याची आईबी आमालाच ओरडती. तू कुणाला गाठतोस?"

मी म्हटलं, "मी कालनिर्णयवर लिहितो."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामीला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी जास्तीचा तांबडा रस्सा आणायला सांगितलं. आजारी माणसाला द्यावा तसा.

त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की गाठायचं तर मालकांना गाठावं लागेल, आणि ते चहाच्या गाडीवर येत नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. जावयानं सासऱ्याची जमीन गहाण टाकून त्या पैशात सासऱ्यालाच विकत घ्यावं, असा हा व्यवहार. कौतुक करायला हवं, आमच्या सहकार क्षेत्राला हे सुचलं नव्हतं. कर्जफेडीसाठी पुढे प्रायोजक आले. क्लबला अधिकृत नूडल्स भागीदार होता. अधिकृत गादी-उशी भागीदार होता. बारा वर्षं ज्यांनी माझी झोप उडवली, त्यांचा गादीवाल्याशी करार असावा, यात मला कुठेतरी पश्चात्ताप दिसतो.

२०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा सुमारे पाव हिस्सा घेतला आणि काटकसर सुरू झाली. शेकडो कर्मचारी गेले, उरलेल्यांचं कँटीनमधलं फुकट जेवण गेलं, तिकीट हंगामाच्या मध्येच ६६ पौंडांवर गेलं. आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपरातून पाणी गळतं हे सगळ्या जगानं मे २०२४ मध्ये पाहिलंय. आर्सेनलशी सामना संपला, पाऊस आला, आणि प्रेक्षागृहाच्या कोपऱ्यातून ताम्हिणीसारखा धबधबा कोसळू लागला. उपाय म्हणून पुढच्या मार्चमध्ये नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर झाला : एक लाख आसनं, खर्च दोन अब्ज पौंडांच्या घरात, आणि वर प्रचंड मोठी छत्री. विनोद नाही, वास्तुरचनाकारांनी स्वतःच तिला छत्री म्हटलं आणि ती पावसाचं पाणी गोळा करील असंही सांगितलं. पाणी गोळा तर जुनंही करतंय. बादल्या तेवढ्या कमी पडतात.

२०२५ च्या ऑगस्टच्या पानावर मी काहीच लिहिलं नव्हतं. म्हणजे मावशीच्या पुढची पायरी गाठली होती. रकाना कोरा. त्याच महिन्यात चौथ्या पायरीवरच्या ग्रिम्सबीनं आम्हाला लीग कपमधून बाहेर काढलं. २-२, मग पेनल्टीवर १२-११. ग्रिम्सबी हे मासेमारीचं गाव, तिथले प्रेक्षक फुगवलेले रबरी मासे हलवतात. रात्री अडीच वाजता कोथरूडात बसून मी ते मासे हलताना बघत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. यालाच स्थितप्रज्ञ म्हणतात, असं वाटून थोडा अभिमानही वाटला. पुढे अमोरिम म्हणाले की माझी रचना पोपनं सांगितलं तरी बदलणार नाही. मी म्हटलं, चालेल, प्रत्यक्ष ब्रह्मदेवानं सांगितलं तरी बदलू नका, मला काय त्याचं.

आणि मग ऑक्टोबरात युनायटेडनं दोन सामने लागोपाठ जिंकले.

दुसरा अॅनफिल्डवर. १९ ऑक्टोबर, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री. त्या मैदानावर लीगमध्ये आम्ही जानेवारी २०१६ नंतर जिंकलो नव्हतो. बासष्टाव्या सेकंदाला आमच्या एंबेमोचा गोल. मग लिव्हरपूलचा गाकपो तीन वेळा खांबावर चेंडू मारतो, चौथ्यांदा गोल करतो. १-१. मी मनातल्या मनात 'बरोबरीसुद्धा छान' म्हणायला घेतलं, तेवढ्यात चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पुन्हा तेच मॅग्वायरचं डोकं. पहाटे उटणं लावताना मी इतका गात होतो की वडिलांनी बाहेरून विचारलं, "कारीट फोडलंस का कुणाचं डोकं?"

आठवड्यानं ब्रायटनलाही हरवलं. लागोपाठ तीन. आता इंग्लंडमध्ये एक पठ्ठ्या आहे. युनायटेड ओळीनं पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही, अशी त्यानं २०२४ च्या ऑक्टोबरात प्रतिज्ञा केली. आपल्याकडे चाणक्यानं शेंडी मोकळी सोडली, द्रौपदीनं केस सोडले, पण त्यांनी समोरच्याचा नाश मागितला होता. या बिचाऱ्यानं स्वतःच्याच लोकांकडे पाच विजय मागितले, आणि त्याच्या डोक्यावर तोवर जंगल वाढलं होतं. तिसऱ्या विजयानंतर त्याच्या न्हाव्यानं कात्री धुऊन ठेवली असेल. मीही मागे नव्हतो. ऑक्टोबरच्या पानावर, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताखाली, निळ्या शाईत : 'पहिले चार. शिवाय एफए कप. शिवाय सिटीला दोन्ही वेळा. लीगचं आत्ताच काही म्हणत नाही, पण.'

तो 'पण' बायकोनं लाल पेननं अधोरेखित करून ठेवलाय.

१ नोव्हेंबरला चौथा सामना, नॉटिंगहॅममध्ये. शनिवारी दुपारी तीनचा. या वेळचा सामना ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवायलाच बंदी आहे. म्हणजे मँचेस्टरचा माणूस घरी बसून बघू शकत नव्हता आणि मी रात्री साडेआठला उकडलेल्या शेंगा सोलत बघत होतो. आधी आम्ही पुढे, मग दोन मिनिटांत दोन गोल खाल्ले, १-२. ऐंशी मिनिटं होऊन गेली. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, बायको खाली सोसायटीत उसाचा भाव करत होती. फोन वाजला. मावशी.

"अरे, ऐक. एका मुलीकडून होकार आलाय. म्हणजे बघायला या म्हणतायत. मुलगी चांगली आहे रे. मी आता बायोडेटा नीट करून पाठवतेय. तर म्हटलं, नुसतं 'अनुरूप' अगदीच लाचार वाटतं. 'सडपातळ' परत घालू का?"

पडद्यावर अमाद डियालोनं उडत्या चेंडूला लाथ घातली. २-२. एक्याऐंशीवं मिनिट.

"मावशी, थांब," मी म्हणालो, "अजून नऊ मिनिटं आहेत. शिवाय स्टॉपेज टाइम."

"म्हणजे घालू ना?"

"घाल. 'गोरी' पण घाल."